लावला की लागला?

मी जात्याच भित्री नव्हते हो. डोंबिवलीच्या घरात झुरळ निघालं की माझा दादा पलंगावर चढायचा आणि मी चप्पल घेऊन धावायचे. मला भित्री केली ती मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी. आजसुद्धा एसीचं बटण दाबलं की मी तिथून हलत नाही. गार झोत तोंडावर येईपर्यंत उभी राहते. गॅस बंद केला की बर्नरजवळ कान नेते. दाराला कुलूप लावते, ओढून बघते, चार पावलं जाते, परत येऊन परत ओढते. नवरा म्हणतो, "झालं, काका अंगात आले." तो गमतीने म्हणतो, पण मला ती जूनमधली दुपार आठवते.

काका मूळचे नागपूरचे. तीसेक वर्षं इथल्या एका कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. निवृत्तीचं वय उलटलं तरी त्या मालकाने, म्हणजे इथल्या बोलीत त्यांच्या अर्बाबने, त्यांना सोडलं नाही; आमची बिल्डिंगही त्याचीच. त्याच्या तीन बिल्डिंगा आणि मस्कतबाहेर बरका गावातली शेती, सगळ्यांच्या विजेचं ते बघायचे. काकू नागपुरात लेकीजवळ. काका पहिल्या मजल्यावर एकटेच राहायचे. आम्ही त्यांच्या दोन मजले वर, थेट गच्चीखाली.

आम्ही राहायला आलो त्याच दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. दार उघडलं, तर समोर एक काटकुळा माणूस. उजव्या हातात टेस्टर, डावा हात पँटच्या खिशात.

"वाजली का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"बेल. बेल वाजली का?"

"वाजली म्हणूनच दार उघडलं ना."

"तसं नाही बाप्पा. माझ्या पायाचा आवाज आला असेल. बेल वाजली का ते सांगा."

मी म्हटलं, हा कोण वेडा गळ्यात पडला पहिल्याच दिवशी! पण 'जय भीम' म्हणून इतकं गोड हसले की मी आत बोलावलं. आत येऊन त्यांनी गीझरकडे बोट केलं. मी म्हटलं, "हो, आत्ताच लावलाय."

"लावला की लागला?"

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी आमच्या मराठीच्या बाई सांगायच्या तसं. "तुम्ही बटण दाबलं, म्हणजे तुम्ही लावला. ते झालं तुमचं काम. पाणी तापलं, म्हणजे तो लागला. ते झालं त्याचं काम. आपली माणसं दोन्हीला एकच समजतात आणि मरतात."

'मरतात' हा शब्द ते येताजाता वापरायचे, आपण 'विसरतात' म्हणावं इतक्या सहज. मी शाळेत दहावीला भौतिकशास्त्र शिकवते. मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस भागात आमची शाळा आहे. हे सांगितल्यावर काका हळहळले. म्हणाले, "अरेरे. तुमच्या पुस्तकातला स्विच कधी जळत नाही ना!"

त्यांचा डावा हात कायम खिशात का, तेही मी पुढे विचारलं. विजेजवळ काम करताना दोन हात घातले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर जातो. म्हणून एक हात खिशात. सवयीने तो लग्नाच्या पंगतीतही खिशातच असायचा. टेस्टरचंही तसंच. कुठलीही वायर बघायची तर आधी चालू पॉइंटवर टेस्टर लावून बघणार, टेस्टर जिवंत आहे ना. मग ती वायर बघणार. मग परत चालू पॉइंटवर, मधल्यामधे टेस्टर मेला नाही ना. व्हॉट्सअॅपवर कुणी अंगठा दाखवला तर त्यांना चालत नसे. "अंगठा म्हणजे हुकूम पोचला. काम झालं का ते तोंडाने बोला," म्हणून लगेच फोन करायचे. बिल्डिंगमधली पोरं त्यांना लांबून अंगठा दाखवून पळायची.

आणि बादल्या! बिल्डिंगमधल्या जेवढ्या एसींचं पाणी वळवता येईल तेवढं त्यांनी नळ्या जोडून आपल्या बाल्कनीत आणलं होतं. प्रत्येक नळीखाली एक बादली, बादलीवर फ्लॅटचा नंबर. त्या पाण्यावर त्यांचा मोगरा आणि कढीपत्ता असा काही फोफावला होता की बायका भाजीला फोडणी टाकून मग कढीपत्ता मागायला खाली जायच्या. मला ते बादल्यांचं प्रकरण निव्वळ चक्रमपणा वाटायचं.

मग आई आली.

डोंबिवलीत तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दादाच्या घरात दोघंही नोकरीवर जाणारे, आईचे हाल व्हायला लागले. मी म्हटलं, मी नेते तिला. दादा विमानतळावर सगळ्यांसमोर म्हणाला, "ने. तिकडच्या उन्हात भाजून मारशील एक दिवस, तेव्हा कळेल." मी त्याला तिथेच दोन ऐकवल्या. पण ते वाक्य माझ्याबरोबर विमानात बसून मस्कतला आलं, ते आलंच.

आईला एकच शब्द उरला होता. 'हो.' काहीही विचारा, हो. तो इतका जुना, इतका तिचा 'हो' होता की ऐकलं की मला बरं वाटायचं. आई, जेवलीस? हो. बरं वाटतंय? हो. मी दादाला फोनवर तो 'हो' ऐकवायचे, बघ, मजेत आहे म्हणून.

काका एकदा तिला भेटायला आले. खुर्ची ओढून बसले, डावा हात खिशात. "ताई, जेवल्या का?"

"हो."

काका पुढे झुकले. मग हळूच म्हणाले, "ताई, उपाशी आहात का?"

"हो," आई त्याच सुरात म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. बाहेर हॉलमध्ये आल्यावर मला म्हणाले, "पोरी, एक गोष्ट सांगतो, वाईट वाटून घेऊ नको. ताईचा हा 'हो' म्हणजे रिलेच्या कॉइलवरचा दिवा आहे. आवाज पोचला की लागतो. आत काय चाललं ते त्यावरून कळत नाही. काही विचारशील तर उलटंही विचारत जा."

मी भडकलेच. "काका, ती माझी आई आहे, तुमचा रिले नाही!"

ते कानाला हात लावून माफी मागून गेले. पण त्यांनी माझ्या मनात जे पेरलं ते पेरलं. त्या संध्याकाळी मी आईला विचारलं, "दुखतंय का गं?" हो. "दुखत नाही ना?" हो. स्वयंपाकघरात जाऊन मी ओट्याला धरून उभी राहिले. इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?

आता अडचण अशी होती. सकाळी एक बाई यायची, ती बारापर्यंत आईजवळ. मी शाळेतून घरी पोचायला अडीच वाजायचे. नवरा साइटवर, गुरुवारी रात्री यायचा. मधले अडीच तास आई एकटी. सलग एसी ठेवला तर तिचा गेलेला हात लाकडासारखा कडक व्हायचा. सकाळी अंघोळ आणि तेलाच्या वेळी तर एसी बंदच लागायचा. आणि बंद ठेवला, तर जूनमध्ये गच्चीखालच्या बंद खोलीत काय होतं ते इथे राहिलेल्याला सांगायला नको. घराला पंखा नाही. इथल्या जुन्या फ्लॅटमध्ये एसी हाच पंखा. तोही आईच्या खोलीत खिडकीतला, गोल खटक्याचा, ट्रकसारखा घरघरणारा.

नवऱ्याने मोबाइलवरून चालणारी रिलेची एक पाटी मागवली. रिले म्हणजे दुसरं काही नाही, मोबाइलचा हुकूम आला की आतली कॉइल चुंबक होते, एक पत्रा ओढते, दोन पॉइंट एकमेकांना चिकटतात आणि एसीला वीज जाते. बाईने जाताना लावला तर मधे बंद करायला कुणी नसायचं; आता शाळेत बसून बोटाने एसी लावायचा, बोटानेच बंद करायचा. वर एक कॅमेरा, त्यात आई दिसणार. मला हायसं वाटलं. जोडायला अर्थातच काकांना बोलावलं.

काकांनी ती पाटी हातात घेतली, उलटीसुलटी केली. "हा एवढासा जीव एसीचा धक्का सोसणार आहे का?" म्हणून स्वतःकडचा दणकट रिले आणला. मग त्या पाटीवरच्या बारीक लाल दिव्यावर टिचकी मारली. "हा दिवा पाहून ठेव. हा कॉइलचा. रिलेला हुकूम मिळाला, एवढंच हा सांगतो. याच्यावर विश्वास ठेवशील तर..."

"मरशील," मी म्हटलं.

"मी मरणार नाही, तू मरणार नाही," ते आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, आणि माझं हसणं तिथेच थांबलं.

त्यांनी एका लाकडी फळीवर सगळं बसवलं आणि आणखी एक इंडिकेटर जोडला. निऑनचा, नारिंगी. तो रिलेच्या पलीकडे, जिथून वीज एसीत शिरते तिथे. रिलेचे पॉइंट खरोखर चिकटले, एसीपर्यंत वीज खरोखर गेली, तरच तो लागणार. फळीवर त्यांनी मार्करने देवनागरीत लिहिलं. कॉइलच्या दिव्यावर 'इन्शाल्ला', म्हणजे देवाची इच्छा असेल तर; पलीकडच्या दिव्यावर 'खलास', म्हणजे इथल्या बोलीत काम झालं.

भाडं न्यायला आलेल्या अर्बाबला काकांनी दुसऱ्या दिवशी वर आणून ती फळी दाखवली, वाचूनही दाखवली. म्हातारा अर्बाब मोठ्याने हसला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "मिस्त्री, तुम्हारा बत्ती गलत. इन्शाल्ला बोलने के बाद आदमी को काम भी करना है." काका म्हणाले, "अर्बाब, हमारा बत्ती भी वही बोल रहा है." दोघंही आपापल्या परीने बरोबर होते.

काका असे का, हे मला त्याच सुमाराला कळलं. मी चहा देताना सहज म्हटलं, "काका, एवढं भ्यायचं म्हणजे जगायचं कसं हो?" त्यांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, बरक्याला शेतावर पंप बसवायला गेलो होतो, नवीन होतो इथे. बरोबर केरळचा एक वायरमन. पॅनेलवरचा दिवा विझलेला होता. तो म्हणाला, सर, टेस्टर गाडीत राहिला, घेऊन येतो. मी म्हणालो, कायले ऊन खातो, दिवा बंद आहे, खलास, घाल हात.

"दिवा विझला नव्हता. दिवा मेला होता. बल्ब गेलेला. लाइन चालूच होती."

"गेले का ते?"

"नाही. फेकला गेला, वाचला. दोन बोटं कायमची वाकडी झाली. हस्तांदोलन करत नाही कुणाशी. दर शुक्रवारी फोन करतो मी त्याला."

"काय म्हणतात?"

"म्हणतो, नो प्रॉब्लेम, सर."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे मी शाळेत असताना निबंधात कितीदा लिहिलं होतं. फुंकर मारणारा माणूस मात्र पहिल्यांदाच पाहत होते.

फळी लागली आणि माझ्या जिवाला नवाच घोर लागला. निऑनचा दिवा मंद. तो खिडकीशेजारी, आणि दुपारचं ऊन असं काही आत यायचं की कॅमेऱ्यात दिवा दिसायचाच नाही. बाराला बटण दाबायचं आणि मग मोबाइल डोळ्यांशी नेऊन बघत बसायचं, लागला का? लागला का? कधी वाटायचं लागलाय, कधी वाटायचं ऊनच चमकतंय. मुलं विचारायची, "मॅम, आर यू ओके?" मी फोन करून काकांना वर पाठवायचे. ते भर दुपारी, गुडघे धरत, जिने चढून जायचे. एसी चालूच असायचा. "लागला आहे बाप्पा," ते धापा टाकत सांगायचे. आठवड्यातून तीनदा, चारदा. एकदाही त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. त्यांनी एकदा तरी चिडायला हवं होतं.

मला त्या भीतीचा कंटाळा आला होता. खरं सांगते, आईच्या सेवेचा नाही, भीतीचा कंटाळा. तिच्यातून सुट्टीच नव्हती.

मेच्या शेवटी काका दहा दिवस बरक्याला गेले, शेतावरचे पंप दुरुस्त करायला. आता वर पाठवायला कुणी नाही, या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या सोमवारी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून एक झगझगीत लाल एलईडी घरी आणला. मेन स्विच बंद केला, फळी उघडली, मंद निऑन काढून टाकला आणि त्याच भोकात लाल एलईडी बसवला. पण एलईडीला कमी व्होल्टेज लागतं. पलीकडच्या मोठ्या विजेवर तो जोडता येत नव्हता. म्हणून त्याच्या वायरी मी अलीकडे, कॉइलला जोडल्या.

मला कळत नव्हतं का? भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला? कळत होतं. मी मनाशी म्हटलं, कॉइलला वीज मिळाली की पॉइंट चिकटणारच, एकच तर आहे. पुस्तकात एकच आहे. मेन चालू केला, मोबाइलवर बटण दाबलं, आणि कॅमेऱ्यात तो दिवा कसा टप्पोरा दिसला म्हणून सांगू! त्याच्या डोक्यावर काकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'खलास'. ते पुसायचं मला सुचलं नाही. त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले.

पुढचे आठ दिवस सुखाचे गेले. वर्गात मी परत विनोद करायला लागले.

तो दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यातला. युनिट टेस्ट चालू होत्या. बाराच्या ठोक्याला मी स्टाफरूममध्ये मोबाइलवर बटण दाबलं. स्क्रीनवर 'ऑन' आलं. कॅमेऱ्यात लाल दिवा टप्पोरा. आई पलंगावर, डोळे उघडे. कॅमेऱ्यातून बोलता येतं, म्हणून मी विचारलं, "आई, बरी आहेस ना?"

"हो."

"एसी लागला ना गं?"

"हो."

आज तिचा 'हो' किती स्पष्ट आला! एरवी एसीच्या घरघरीत तो बुडून जायचा, कान देऊन ऐकावा लागायचा. मी शेजारच्या बाईंना आनंदाने म्हटलंसुद्धा, "आईच्या आवाजात सुधारणा आहे हं." आणि फोन कपाटात ठेवून पर्यवेक्षणाला गेले. परीक्षेच्या वर्गात फोन न्यायचा नाही, असा नियम आहे.

सव्वा वाजता परत येऊन फोन उघडला, तर काकांचे अकरा मिस्ड कॉल. मला वाटलं होतं ते बरक्यालाच आहेत. मी फोन केला. वाजत राहिला. परत केला. वाजत राहिला. कॅमेरा उघडला. लाल दिवा टप्पोरा. पलंग रिकामा.

पलंग रिकामा कसा असेल? ती कूस बदलू शकत नाही. पडली असती तर पलंगाखाली दिसली असती. मी कुणाला काय सांगून निघाले, मला आठवत नाही. गाडीचं स्टिअरिंग हाताला पोळत होतं आणि मला दादाचं एकच वाक्य ऐकू येत होतं, भाजून मारशील, भाजून मारशील. रुवीच्या सिग्नलला एकदाचा काकांनी फोन उचलला.

"काका, आई?"

"ये तू."

"काका, आई कशी आहे? नीट सांगा!"

"मी बोलून राहिलो ना. ये. हळू चालव."

जो माणूस जन्मभर तोंडाने नीट सांगा म्हणत आला, तो नीट सांगत नव्हता. तो उरलेला रस्ता मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. मनातल्या मनात मी दादाला सांगायची वाक्यं जुळवायला लागले होते. इतकी खात्री झाली होती माझी.

आई काकांच्या घरात होती. जमिनीवर गादी, गादीवर आई, अंगावर ओली चादर. डोक्याशी आमच्याच बिल्डिंगखालच्या दवाखान्यातले डॉक्टर, आईच्या हाताला सलाइन. वॉचमन कोपऱ्यात उभा. काका आईच्या कपाळावर ओलं फडकं फिरवत होते. दोन्ही हातांनी. त्यांचा डावा हात मी खिशाबाहेर पहिल्यांदा बघत होते.

"आता ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो."

काका आदल्या रात्रीच बरक्याहून परतले होते. साडेबाराला ते बाल्कनीत बादल्या बदलायला गेले. सगळ्या नळ्या टपकत होत्या. आमची कोरडी. त्यांना वाटलं, नळीत कचरा अडकला असेल. फुंकून बघितली, साफ होती. मग मात्र मला फोन लावत लावतच ते जिना चढले. स्वतः भांडून घेतलेली आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे होती. दार उघडलं तर खोली भट्टी झालेली, आई निथळून निथळून कोरडी पडलेली, आणि भिंतीवर 'खलास' लिहिलेल्या शब्दाखाली लाल दिवा. वॉचमनच्या मदतीने चादरीची झोळी करून त्यांनी तिला खाली आणलं आणि बादल्यांतलं साठवलेलं पाणी तिच्या अंगावर ओतलं. दुसऱ्यांच्या एसींचं पाणी.

रिलेचे पॉइंट जळून काळे झाले होते. कॉइल रोज इमानदारीने पत्रा ओढत होती, पत्रा रोज टेकत होता, आणि त्या दिवशी पलीकडे काही गेलं नाही, एवढंच.

आईला संध्याकाळी वर आणलं. काका फळीसमोर उभे राहिले. झाकण काढलं. माझ्या एलईडीच्या दोन वायरी कुठे गेल्यात ते त्यांनी बोटाने शेवटपर्यंत पाहिलं. मी दाराशी उभी होते. रागवा एकदा, मारा एक थोबाडीत, असं मला वाटत होतं.

"हे कोणी केलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मी. मला भीती सहन होत नव्हती, काका."

त्यांनी मान हलवली. नवीन रिले लावला, निऑन परत बसवला, आणि ऊन पडू नये म्हणून त्यावर पुठ्ठ्याची एक टोपी केली. पाच मिनिटांचं काम. ते मी त्यांना आधी विचारलं असतं तर तेव्हाही पाच मिनिटांचंच होतं. मग टेस्टर चालू पॉइंटवर, मग एसीच्या वायरीवर, मग परत चालू पॉइंटवर. माझ्या सुदैवाने टेस्टर जिवंत होता.

मी म्हटलं, "काका, दादाला कळवू नका."

"मी कायले कळवू? तुझं तू पाहून घे." मग आतल्या खोलीकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "ताईशी बोललीस?"

"बोलले. विचारलं, आई, माफ केलंस ना मला? हो म्हणाली."

काकांनी पुठ्ठ्याची टोपी उगाच नीट केली. त्यांना पुढचा प्रश्न विचारायचा आहे हे मला दिसत होतं आणि तो कुठला, तेही कळत होतं. शेवटी त्यांनी विचारलाच.

"आणि उलटं?"

मी मान हलवली. नाही. आणि मग, का कोण जाणे, जखमी माणूस जसा समोरच्याला ओरबाडतो तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही विचारलंत का कधी? त्या केरळच्या माणसाला? दर शुक्रवारी नो प्रॉब्लेम, सर. आणि उलटं?"

काकांनी टेस्टर खिशाला अडकवला. फळीचं झाकण बसवलं, एकेक स्क्रू सावकाश आवळला. "बादली भरली असेल," ते म्हणाले, आणि डावा हात खिशात घालून जिना उतरून गेले. पुढच्याच वर्षी त्यांचे गुडघे पार गेले आणि ते कायमचे नागपूरला गेले. दर शुक्रवारी आता ते मलाही फोन करतात. पण तो प्रश्न त्यांनी मला परत विचारला नाही आणि मीही त्यांना नाही.

त्या संध्याकाळी ते गेल्यावर मी आईच्या उशाशी जाऊन बसले. एसी घरघरत होता. पुठ्ठ्याच्या टोपीखाली नारिंगी दिवा दिसत होता. मी तिचा चालणारा हात हातात घेतला. म्हटलं, आज विचारायचंच. काय व्हायचं ते होऊ दे.

"आई," मी म्हटलं, "तू माझ्यावर राग..."

ती माझ्याकडे बघत होती. अगदी स्वच्छ बघत होती.

"आई, चहा घेतेस?"

"हो," आई म्हणाली.